डावा कान

फादर लुत्सियानने निळी फाइल दिली आहे.
आठ गुरुवार, आठ विषय.
आज पाचवा: संवाद.
चर्चच्या हॉलचा बॉयलर बंद पडलाय,
म्हणून वर्ग आमच्या स्वयंपाकघरात,
रिब्निकला, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीबाहेर नोव्हेंबर, आणि धुराचा वास,
जो आम्हाला आता येत नाही, पाहुण्यांना येतो.

टेबलापलीकडे कोर्नेलिया आणि तिमोतेउश.
ती दंतवैद्याकडे मदतनीस आहे,
दुसऱ्यांच्या तोंडात नीट बघायची तिला सवय.
चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाली,
तुम्ही नेहमी यांच्या उजवीकडेच का बसता?

मग सांगितलं.
अठ्ठ्याण्णव साली खाणीत स्फोट झाला.
झेनॉन वर आला, त्याचा डावा कान आला नाही.
तेव्हापासून चर्चच्या बाकावर, बसमध्ये, मयताला, लग्नाला
मी उजवीकडे.
रस्ता ओलांडला की मागून वळसा घालून
पुन्हा उजवीकडे.
तिमोतेउश वहीत उतरवून घ्यायला लागला.
अरे, म्हटलं, लिहू नकोस, हा काही नियम नाही.

फाइलमधला पुढचा प्रश्न:
एकमेकांपासून तुम्ही काही लपवता का?
दोघं गप्प.
त्यांच्याजवळ लपवण्याजोगं अजून साठलंय कुठे!
अशा वेळी आधी आम्ही बोलायचं असतं,
फादरनी बजावलंय.
म्हणून मी हसत म्हटलं,
हा झोपतो उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत.
डावा वर राहतो.
जे बोलू नये ते मी त्या कानात बोलते.
म्हणजे काय, कोर्नेलियाने विचारलं.
म्हणजे, याच्या आईचं बीटचं सूप मला कधीच आवडलं नाही.

सगळे हसले.

सुपापाशीच थांबले मी.
बाकीचं सांगितलं नाही:
याचा भाऊ दोन वर्षं आमच्या सोफ्यावर राहिला,
तेव्हा हॅम्बुर्गच्या बसचं भाडं मी दोनदा विचारून आले होते.
जे मूल जन्मलंच नाही, त्याच्यानंतर
दर रविवारी गुडघे टेकले
आणि आत एक शब्द नव्हता.
कुणाला तरी सांगायचं होतं,
आणि कुणी ऐकायला नको होतं.
देवाने त्यासाठीच एक बंद कान
माझ्या उशीशेजारी ठेवलाय, असं मी धरून चालले.

झेनॉन प्लमचा केक कापत होता.
मान वर न करता म्हणाला,
एकशे ऐंशी झ्लॉटी.
काय?
हॅम्बुर्गचं भाडं. एकशे ऐंशी होतं तेव्हा.
सुरी चाललीच होती.
डॉक्टर म्हणाले होते, तीस टक्के शिल्लक आहे.
रात्री घर शांत असलं की तीस टक्के पुष्कळ.

मला आधी सुपाची लाज वाटली.
मग बाकी सगळ्याची.
मग राग, असा की ग्लास फुटला असता हातात.
इतकी वर्षं वळसे घालत होते मी, भर रस्त्यात!
तेव्हाच का नाही सांगितलंस?
तो म्हणाला,
तू बोलायची थांबली असतीस.

तिमोतेउशचं पेन वहीवर तसंच.
कोर्नेलिया त्याच्या कानाकडे बघत होती,
धडधाकट, तरुण, जरासा लाल कान,
जणू पहिल्यांदाच बघतेय.
मग तिने आणखी एक तुकडा मागितला
आणि आम्ही फाइलवर सही केली:
पाचवा विषय, पूर्ण.

ते गेल्यावर मी ग्लास विसळले.
तो आडवा झाला, नेहमीसारखाच, उजव्या कुशीवर.
मी अंधारात पडून राहिले.
काही बोलले नाही. सुचेना.

पुढचा गुरुवार: पैसा.
मला एक विचारायचंय त्याला, सगळ्यांसमोर नाही.
त्या हिवाळ्यात पिठाच्या डब्यामागे
मी न ठेवलेल्या नोटा सापडल्या होत्या,
मोजून एकशे ऐंशी.
मला वाटलं होतं, माझाच हिशेब चुकला.